पाच संध्याकाळी की एकच तालीम?

प्रश्न : आमच्या सोसायटीत बंगाली, तमिळ, गुजराती, मल्याळी अशी सगळी कुटुंबं आहेत. यंदा गणेशोत्सवात प्रत्येक भाषेची वेगळी संध्याकाळ करायचं घाटतंय. ‘विविधतेतूनच नवं सुचतं, मनं मोकळी होतात,’ असं सेक्रेटरी म्हणतात. माझे सासरे म्हणतात, भेसळीतून भेसळच निघते. खरं कोणाचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सेक्रेटरींचं अर्धं, सासरेबुवांचं पाव. नुसतं शेजारी राहून काही घडत नाही. आमच्या गिरगावातल्या चाळीपासून धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी (मुंबईत आलेल्या गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडाच्या जागा) चालत गाठता येतील इतक्या जवळ, पण चाळीतलं कुणी तिकडे फिरकत नसे. मी गेलो तो पोटासाठी. नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले पाश्चात्त्य सूर) वाचता आल्याशिवाय रेकॉर्डिंगला व्हायोलिनवाल्याला कुणी उभं करत नव्हतं.

तेव्हा सिनेसंगीताचंच सांगतो. संगीतकार पेटीवर चाल बांधायचे, सहायक ती सरगममध्ये उतरवून घ्यायचा. पण व्हायोलिनांचा ताफा, चेलो, ट्रम्पेट, सगळ्यांना एकाच टेकमध्ये वाजवायचं तर प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेला कागद हवा. तो लिहिणारे-वाचणारे बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत. विद्या मिळे, पण गावात तिच्यावर घर चालत नसे. म्हणून ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांतल्या जाझ बँडांत आली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं हॉटेलांची रया गेली, तसे बरेच जण स्टुडिओकडे वळले. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर इथे आले आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले, म्हणजे कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देणारे. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र शास्त्रीय गायक विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांच्या जोडीला हळदोण्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. (मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. ‘चिक चॉकलेट’ ऐकून आमच्या बुवांनी तंबोरा खाली ठेवला असता!)

आता खरी गंमत. पाश्चात्त्य हार्मनीचा, म्हणजे अनेक सूर एकाच वेळी वाजवण्याचा, पहिला धडा सा-ग-प ही कॉर्ड. चाल मालकंसातली असली तर? मालकंसात पंचम (प) वर्ज्य, गंधार (ग) कोमल. ती कॉर्ड लावली की राग गेलाच. नाही लावली तर एवढे वादक करणार काय? मग अरेंजरला रागातच बसणारी दुसरी सुरावट शोधावी लागे, गायकाच्या मागून चालणारी, त्याच्या ओळीवर न रेलणारी. आमच्या घराण्यांत अशी दुसरी ओळ नव्हती. चर्चच्या संगीतात होती, पण तिला रागाचं कुंपण नव्हतं.

उलट बाजूनंही अडत असे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नोटेशनच्या पाच रेघांत मावत नाही. धोबीतलावचे माझे सर दोन सुरांवर पेन्सिलीनं नागमोडी रेघ ओढायचे आणि सतारवाल्याकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘पहले उसको सुनो.’ मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून शिकलेला. त्यांनी मला उभं केलं, वाद्य हनुवटीखाली धरायला लावलं आणि मींड कशी घ्यायची ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच्याही पुढे गेले. सिनेमाच्या तीन मिनिटांत मावेना म्हणून त्यांनी रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या. १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्या वाजल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे.

मोकळेपणाचं मात्र मला छातीठोक सांगवत नाही. तबकडीवर संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव. अरेंजरचं बहुधा नाहीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल अँथनींकडे व्हायोलिन शिकलेले. ‘अमर अकबर अँथनी’च्या (१९७७) गाण्यात त्यांनी गुरूचं नाव घालून सलाम केला, तर पब्लिकला वाटलं, विनोदासाठी घेतलेलं नाव. पडद्यावरचा गोवेकर तर वर्षानुवर्षं दारूच्या बाटलीसकटच यायचा, आणि त्या प्रसंगाचं पार्श्वसंगीत वाजवणारे गोवेकरच!

सासरेबुवांचा पाव हिस्सा राहिला. मालकंसावर सा-ग-प थापणारेही होते. तिथे ‘हे लागत नाही’ असं तोंडावर सांगणारा कुणी असला तर गाणं वाचायचं, नाहीतर सासरेबुवा म्हणतात ती भेसळ.

तुमच्या समितीला माझं म्हणणं सांगा. पाच संध्याकाळी वाटून दिल्यात तर बंगाली बंगाल्यांपुढे गातील आणि बाकीचे भेळेच्या स्टॉलवर दिसतील. त्यापेक्षा एकच वाद्यवृंद उभा करा, आणि गाणी अशी निवडा की मृदंगम वाजवणाऱ्या तमिळ काकांवाचून तुमच्या ढोलकीवाल्याचं अडेल. पत्रिकेत साथीदारांपासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं छापा. तालमी आषाढातच सुरू करा. कुणाला सरगम येते, कुणाला नोटेशन, कुणाला दोन्ही नाही, हे निस्तरण्यातच पहिले आठ-दहा दिवस जातात.