रात्री प्यायलेली दारू सकाळी गाडी चालवेपर्यंत उतरते का?

तुमचा प्रश्न असा आहे: रात्री नऊ ते साडेबारा चार लार्ज पेग घेतले, पाच तास झोप काढली, तर सकाळी सहाला पुण्याहून गुहागरला गाडी काढायला हरकत नाही ना? आणि लिंबू सरबत, कडक कॉफी यांनी लवकर उतरते का?

हरकत आहे. नका काढू.

आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलीच्या पेगमागे २० ग्रॅम, चार पेगचे ८० ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे ढोबळमानाने १०० मिलीमागे १७० मिलिग्रॅम होतात. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच वजनाला तेवढीच दारू जास्त भरते.

हे बहुतेक सगळं यकृतालाच निस्तरावं लागतं. तिथली विकरं (एन्झाइम्स) अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात, मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. पण ही विकरं थोड्याशा दारूतच पूर्ण गुंततात. पुढे कितीही रिचवा, त्यांचा वेग तोच: तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम, कुणाचा १०, कुणाचा २०. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत नऊ तासांत गेले १३५. उरले ३५. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा ३० आहे! तुमचा वेग १० चा असेल, तर सहा वाजता ८० उरलेले असतील. तुमचा वेग कोणता, हे घरबसल्या कळत नाही.

कॉफीने झोप उडते, दारू नाही. लिंबू सरबत, गार पाण्याची अंघोळ, ओकारी काढणं, यांतल्या कशानेही रक्तात शिरलेली दारू लवकर जात नाही. भरल्या पोटी प्यायलात तर ती हळू चढते, एवढाच फायदा; पण तो आधीचा. झोपेतही यकृत त्याच चालीने काम करतं.

मलाही वाटायचं की डोकं दुखत नाही म्हणजे उतरली. एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला शेजारी बसवून गाडी काढली. वळणावर समोरून आलेली एसटी मला दिसली, पण ब्रेकवर पाय उशिरा गेला. मामाने स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचलो. आजही ते आठवलं की हात थरथरतात. मला अगदी ठीक वाटत होतं, हेच भयंकर होतं. हलत्या वस्तूचा माग ठेवणं, एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं, हे झिंग जाणवण्याच्या आधीच ढासळतं, आणि गुहागरच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात नेमकं तेच लागतं.

जमलं तर पार्टी आणखी एक दिवस आधी ठेवा. नाहीतर न पिणाऱ्या कुणाला तरी आजच विचारून ठेवा, सकाळी गाडी तोच चालवेल.