रीसेट मारण्याआधी

यंत्रं दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या मॉडबस लाइनच्या कम्युनिकेशन मॉड्यूलचा लाल दिवा लागला की लगेच रीसेट मारू नका, त्यात पुरावाच पुसला जातो. आधी एरर काउंटर (कुठली चूक किती वेळा झाली त्याचे आकडे) वहीत उतरवून घ्या. नुसता टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तरच न येणं, असेल तर स्लेव्हचा (उत्तर देणाऱ्या यंत्राचा) पत्ता, बॉड रेट (डेटाचा वेग) आणि लाइनच्या ए-बी वायरी उलट तर नाहीत ना, एवढं बघा. मॉडबस आरटीयूमध्ये (मॉडबसचा या तारांवरचा प्रकार) पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नसेल तर शेवटचे स्टॉप बिट २ लागतात, हे हमखास विसरतं.

सीआरसीचा आकडा, म्हणजे बिघडून आलेल्या संदेशांची मोजणी, वाढतोय? मग वायरिंग. सगळी पॉवर बंद करून ए आणि बीमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा टर्मिनेशन रेझिस्टर (लाइनच्या दोन्ही टोकांना लावायचा १२० ओहमचा रोध) गायब. ४० आलं तर मधल्याच कुठल्यातरी ड्राइव्हचा (मोटर चालवणाऱ्या यंत्राचा) टर्मिनेशन स्विच कुणीतरी ऑन करून ठेवलाय. भोसरी-चाकणकडच्या दाटीच्या शेडमध्ये कम्युनिकेशन केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून ओढलेली असू शकते. मोटर सुरू होतानाच आकडा उडी मारत असेल तर संशय तिथेच. केबल वेगळी काढा, ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

एकाच पत्त्यावरून कचरा डेटा येत असेल तर तो पत्ता दोन यंत्रांना दिलेला असतो, बरेचदा.

दुरुस्ती झाली की आता काउंटर शून्य करा आणि अख्खी शिफ्ट जाऊ द्या. पाच मिनिटांच्या शून्यावर सही करू नका.