हिस्पॅनिक मतदार पुढच्या पिढ्यांतही डेमोक्रॅटिक पक्षाबरोबरच राहतील का?

अमेरिकेत हिस्पॅनिक लोकांची, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची, संख्या वाढत गेली की डेमोक्रॅट्सची सत्ता कायमची पक्की होणार, की त्यांची पोरं-नातवंडं रिपब्लिकनांकडे वळणार, असं तुम्ही विचारलंय. मी सतरा वर्षं टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहतो. माझ्या शेजारच्या एका घरात या प्रश्नाच्या तिन्ही पिढ्या नांदतात, त्यामुळे आधी त्यांच्याबद्दल सांगतो.

शेजारच्या आजी नव्वदीला टेकल्यात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत ग्वादालुपेच्या मेरीमातेच्या तसबिरीला लागून जॉन केनेडींचा फोटो आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला केनेडी या शहरात आले, तेव्हा आजी थोरल्या मुलाला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. हे सांगताना आजींचा आवाज आजही कातर होतो. त्यांच्या आई पिकान नावाचा सुकामेवा सोलायच्या कामावर होत्या आणि १९३८ च्या सॅन अँटोनियोतल्या मोठ्या संपात सामील झाल्या होत्या. टेक्सासमध्ये तेव्हा मत द्यायचं तर दीड-पावणेदोन डॉलर कर भरावा लागे, आणि पोटाला चिमटा काढून आजींचे वडील तो भरत. याच शहरातून १९६१ मध्ये हेन्री गोन्झालेझ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. टेक्सासमधून तिथे पोचलेले ते पहिले मेक्सिकन-अमेरिकन, आणि ते डेमोक्रॅट होते. आजींसाठी पक्ष म्हणजे आपली दखल घेतलेली माणसं. तिथे दुसरा विचारच नाही.

त्यांचा तो कडेवरचा मुलगा आज साठी ओलांडून गेलाय. त्याने केली या हवाई दलाच्या तळावर विमानांच्या दुरुस्तीचं काम केलं. या शहरातल्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना स्वतःचं घर, पेन्शन आणि मुलांचं कॉलेज केलीने दिलं. तळ २००१ मध्ये बंद झाला. तोही डेमोक्रॅटच आहे, पण २००४ मध्ये त्याने रिपब्लिकन बुशना मत दिलं होतं. तो एकटा नव्हता, त्या वर्षी बुशना हिस्पॅनिक मतांपैकी सुमारे चाळीस टक्के मिळाली होती. हे लोक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

नातू तिशीतला. शहराच्या दक्षिणेला ईगल फोर्डच्या तेलपट्ट्यात ट्रक चालवतो. बायको न्यू ब्राउनफेल्सची, जर्मन वंशाची, आणि तिच्यामुळे तो आता घरचा कॅथलिक पंथ सोडून इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातल्या, चर्चमध्ये जातो. स्पॅनिश त्याला कळतं, बोलताना मात्र अडखळतो. आजी स्पॅनिशमध्ये विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो. माझी मुलगी पुण्याच्या आजीशी फोनवर अगदी असंच बोलते, त्यामुळे ते ऐकताना मला दरवेळी गलबलून येतं. २०२४ मध्ये त्याने ट्रम्पना मत दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, डिझेल, घरभाडं, आणि जो पक्ष तेलाच्याच विरोधात बोलतो त्याला मी कसं मत देऊ? यात ‘हिस्पॅनिक’ हा शब्द एकदाही आला नाही. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत माणूस ट्रकवाला, चर्चवाला, टेक्सन म्हणून मत द्यायला लागतो.

पण सगळं पिढ्यांवर ढकलणं मला पटत नाही. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेली स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) बघा. तिथली शंभरातली पंच्याण्णवहून अधिक माणसं हिस्पॅनिक. २०१२ मध्ये ओबामांना तिथे ८६ टक्के मतं पडली, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना ७९, २०२० मध्ये बायडनना जेमतेम ५२, आणि २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे ५८ टक्के घेऊन जिंकले. अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार तिथे जिंकला तो शंभराहून जास्त वर्षांनी. बारा वर्षांत पिढी बदलत नाही. म्हणजे बहुतेक तीच माणसं, तीच घरं, आणि मत मात्र फिरलं. देशभरातही मतदानोत्तर चाचण्यांत ट्रम्पना २०१६ मध्ये २८, २०२० मध्ये ३२ आणि २०२४ मध्ये ४६ टक्के हिस्पॅनिक मतं दिसली.

माझी समजूत अशी, की गाठ पिढ्यांनी सैल केली आणि महागाईने सोडवली. सीमेवरच्या त्या गावांत आमचं घर डेमोक्रॅट एवढंच सांगितलं जायचं, का ते सांगणारी माणसं एकेक करून गेली. तिथल्या तरुणाला पगार मिळतो तो तेलातून, ट्रकमधून, नाहीतर सीमा सुरक्षा दलाच्या नोकरीतून. शिवाय बेकायदा आलेल्यांबद्दल कडक बोललं की हे सगळे दुखावणार, हा वॉशिंग्टनमधल्या लोकांचा अंदाज मला तरी इथे राहून कधी खरा वाटला नाही. त्यातल्या कित्येकांचे पूर्वज १८४८ मध्ये सीमारेषा सरकली तेव्हापासून अमेरिकेतच आहेत.

दुसऱ्या जागी मात्र उलटं घडलंय. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये प्रस्ताव १८७ थेट जनतेच्या मतदानाला आला. कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळा बंद, दवाखान्याची बहुतेक सेवा बंद. रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी तो उचलून धरला, मतदारांनी मंजूर केला, पुढे कोर्टाने अडवला. पण त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर मोर्चात चाललेली शाळकरी पोरं ते विसरली नाहीत. त्यांच्या आईवडिलांनी घाईने नागरिकत्व घेतलं आणि मतदार म्हणून नाव नोंदवलं. एका अपमानाने अख्खी पिढी एका पक्षाला बांधली गेली.

मायामीतले क्यूबन तिसरीच दिशा दाखवतात. कॅस्ट्रोंच्या राजवटीतून पळून आलेली पहिली पिढी कट्टर रिपब्लिकन, अमेरिकेत जन्मलेली मुलं हळूहळू डेमोक्रॅट्सकडे सरकली, आणि नंतर आलेल्या क्यूबनांनी पुन्हा उजवीकडचं पारडं जड केलं. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मायामी-डेड काउंटी रिपब्लिकनांनी जिंकली, अध्यक्षपदासाठी १९८८ नंतर पहिल्यांदा. तेव्हा मेक्सिकन, क्यूबन, पोर्टो रिकन, डॉमिनिकन या सगळ्यांना एका शब्दात बांधून भाकीत केलं की ते हमखास चुकतं.

आता हे सगळे रिपब्लिकन झाले, असंही मी म्हणणार नाही. न्यू जर्सीतली, हिस्पॅनिक वस्ती मोठी असलेली पसेइक काउंटी २०२४ मध्ये ट्रम्पकडे गेली आणि वर्षभरात, २०२५ च्या गव्हर्नर निवडणुकीत, डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडे परत आली. सैल झालेलं मत दोन्हीकडे जाऊ शकतं. शेजारचा नातूही गेल्या महिन्यात कुंपणाशी उभा राहून म्हणाला, डिझेल स्वस्त झालं नाही तर मी कुणाचाही नाही.

एक गोष्ट मात्र आकड्यांत दिसतच नाही. पिढ्या सरतात तसे अनेक जण स्वतःला हिस्पॅनिक म्हणवून घेणंच सोडून देतात. प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत चौथ्या आणि त्यापुढच्या पिढ्यांत स्वतःला हिस्पॅनिक म्हणवणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलेलं होतं. मग त्यांचं मत ‘हिस्पॅनिक मत’ म्हणून मोजलं जाणार तरी कसं? नातवाची लेक सोनेरी केसांची आहे, आडनाव गार्सिया. पुढच्या ऑगस्टमध्ये ती शाळेत जाईल. प्रवेशाच्या फॉर्मवर हिस्पॅनिकपुढच्या चौकटीत खूण करायची की नाही, यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही. आजी म्हणतात, करायचीच.