डिस्क माउंट असतानाच तिचं लेबल बदलता येतं का? ऑफिसचं काम थांबवता येणार नाही.

येतं. माउंट म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडून वापरात असणं, आणि लेबल म्हणजे तिला दिलेलं नाव. तुमची डिस्क एक्स्ट४ आहे (ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत), त्यामुळे काम न थांबवता बदलता येईल. सदाशिव पेठेतल्या डीटीपी ऑफिसात लिनक्सचं एक मशीन सांबा या फायली वाटणाऱ्या सॉफ्टवेअरवरून सगळ्यांना फायली पुरवतंय, ऐन दिवाळी अंकाच्या धावपळीत डिस्क अनमाउंट करणं शक्य नाही, आणि जुनं लेबल काढून देवनागरीत ‘दिवाळी’ ठेवायचंय, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या भागाला बिनधास्त हो म्हणतो. देवनागरीबद्दल मात्र माझा सल्ला वेगळा आहे.

आज्ञा साधी आहे: सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द), मग ई२लेबल (लेबल बदलणारी आज्ञा), मग पार्टिशन (डिस्कचा भाग), मग नवं नाव. इथे माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क जोडलेला फोल्डर, चालत नाही, डेव्ह डिरेक्टरीतलं पार्टिशनचं नावच द्यावं लागतं. ते आधी डिस्कांची यादी दाखवणारं एलएसबीएलके -एफ चालवून बघून घ्या. दोन-तीन यूएसबी डिस्का लावलेल्या असतील तर काल एसडीबी असलेली आज एसडीसी असू शकते, आणि मग भलत्याच डिस्कचं नाव बदलतं. उघड्या फायलींना काही होत नाही. लेबल म्हणजे सुपरब्लॉकमधले, अर्थात फाइलसिस्टमच्या स्वतःबद्दलच्या नोंदीतले, फक्त १६ बाइट. तुमच्या पानांचा, फोटोंचा डेटा जिथे आहे तिकडे ही आज्ञा फिरकतही नाही.

तरी माउंट असताना बदललं तर काही बिघडेल ही भीती निराधार नाही, तिच्यामागे खरं कारण आहे. फाइलसिस्टम माउंट असते तेव्हा सुपरब्लॉक कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीतही असतो. बाहेरून कुणी परस्पर डिस्कवर लिहिलं, तर कर्नल नंतर आपल्याजवळची जुनी प्रत त्यावर लिहून बदल पुसून टाकू शकतो. एक्स्ट४मध्ये कर्नल आणि ई२लेबल दोघं एकाच बफरमधून (मेमरीतल्या एकाच प्रतीतून) जातात, म्हणून हे वर्षानुवर्षं सुरळीत चालत आलं. कर्नल ५.१७ पासून तर लेबल बदलण्याची विनंती थेट कर्नललाच करायची सोय एक्स्ट४मध्ये आली, आणि ई२लेबल ज्यात येतं त्या ई२एफएसप्रोग्ज संचाच्या नव्या आवृत्त्या ती वापरतात. हा मार्ग मला जास्त पटतो, कारण ज्याच्या ताब्यात फाइलसिस्टम आहे तोच बदल करतो.

बाकीच्या फाइलसिस्टमबद्दल थोडक्यात. एक्सएफएसमध्ये लेबल बदलणारी जुनी आज्ञा, एक्सएफएस-अ‍ॅडमिन, माउंट असताना नकार देतं. तिथे कर्नल ४.१८ किंवा पुढचा असेल तर एक्सएफएस-आयओची ‘लेबल -एस’ ही आज्ञा माउंट पॉइंटवर चालवा. बीटीआरएफएसमध्येही माउंट असताना माउंट पॉइंटच द्यायचा. पेनड्राइव्हवरच्या फॅट किंवा एनटीएफएसला मात्र सरळ अनमाउंट करा. तो काढून परत लावायला कितीसा वेळ लागतो!

आता ‘दिवाळी’. लेबलची मर्यादा अक्षरांत नाही, बाइटांत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, मात्रा ही सगळी वेगळी चिन्हं. द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. एक्स्ट४ची मर्यादा १६. ई२लेबल इशारा देतं आणि उरलेलं छाटतं, म्हणजे शेवटच्या वेलांटीचा एकच बाइट मागे राहतो आणि लेबलाच्या शेपटीला कचरा दिसतो. ‘पुणे’ १२ बाइटांत बसतं, ‘अंक’ ९ बाइटांत. पण बसलं तरी ठेवू नका. मशीन कधी सुरूच झालं नाही, तर समोर काळा कन्सोल, म्हणजे नुसत्या मजकुराचा पडदा, असतो. त्यावर देवनागरी धड दिसत नाही आणि टाइपही करता येत नाही. मराठीवर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे. फोल्डरांची नावं खुशाल मराठीत ठेवा, लेबल तेवढं साध्या रोमन अक्षरांत असू द्या.

खरा धोका आज्ञेत नाही, जुन्या नावावर कोण विसंबून आहे त्यात आहे. ईटीसी डिरेक्टरीतली एफएसटॅब फाइल (सुरू होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते हिच्यात असतं) उघडा आणि त्या डिस्कची ओळ ‘लेबल=’ ने सुरू होते का ते बघा. होत असेल तर आज सगळं छान चालेल, उद्याही चालेल, कारण डिस्क आधीच माउंट आहे. मग गुरुवारी महावितरण देखभालीसाठी लाइट घालवणार, यूपीएस संपणार, मशीन पुन्हा सुरू होताना जुन्या नावाची डिस्क शोधत ९० सेकंद थांबणार आणि इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) जाऊन बसणार. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका ऑफिसात मी अगदी हेच निस्तरलंय. लेबल बदलून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे त्याचा संबंध कुणाच्या डोक्यातच आला नाही आणि सगळे डिस्क खराब झाली म्हणून हबकले होते. ओळीत ‘नोफेल’ (डिस्क मिळाली नाही तरी पुढे जा) असेल तर मशीन सुरू होईल, पण डिस्क माउंट होणार नाही. अशा वेळी रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट रिकाम्या फोल्डरला डिस्क समजून मुख्य डिस्कच भरत सुटते. मला हे जास्त घातक वाटतं, कारण कुणाला पत्ताच लागत नाही.

म्हणून त्या ओळीत लेबलाच्या जागी यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टमचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, घाला. लेबल कितीही वेळा बदललं तरी यूयूआयडी तोच राहतो. फाइल बदलल्यावर ती सिस्टमला नव्याने वाचायला लावण्यासाठी सिस्टमसीटीएलचं डेमन-रीलोड करा आणि फाइंडएमएनटीला ‘--व्हेरिफाय’ देऊन फाइल तपासून घ्या. बॅकअपच्या स्क्रिप्टांत आणि क्रॉनमध्येही (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) जुनं नाव ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधा.

सांबाला लेबलाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त मार्ग कळतो. डिस्क ठरलेल्या फोल्डरवर माउंट होत असेल तर कुणाला काही जाणवणारही नाही. पण डेस्कटॉप ती आपोआप मीडिया फोल्डरखाली लावत असेल, तर तिथल्या मार्गात लेबलच असतं. आत्ता जुनाच मार्ग राहील, पुढच्या वेळी लावली की नवा बनेल आणि शेअर तुटेल. तसं असेल तर आधी एफएसटॅबमध्ये कायमची जागा नेमा, लेबल नंतर बदला.

बदलल्यावर एलएसबीएलके जुनंच नाव दाखवत राहिलं तर घाबरू नका, ते यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची माहिती ठेवणाऱ्या सेवेच्या, नोंदीतून वाचतं. नोंद ताजी करायला यूडेव्हएडीएम ट्रिगर चालवा. डिस्कवर खरोखर काय आहे ते बीएलकेआयडी -पी सांगेल.

शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मशीन एकदा रीबूट करून खात्री करा. त्याआधी एफएसटॅबमधली त्या डिस्कची ओळ इथे टाकलीत तर मी बघून सांगतो.