घरच्या गॅरेजसाठी बाईक लिफ्ट टेबल स्वतः बनवता येतं का?

तुम्ही विचारलंय, बुलेटचं काम खाली बसून करताना कंबर धरते, थोडंफार वेल्डिंग येतं, तर टेबल घरी बनवावं का? जरूर बनवा. मी नाशिकच्या अंबडला राहतो, माझं दुसरं टेबल सध्या वापरात आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो: जॅक फक्त उचलायला. गाडी वर धरून ठेवायची ती लोखंडी रॉडने.

पहिल्या टेबलाला मी लॉक केलाच नव्हता. क्लासिक ३५० गाडी वर चढवली, क्लच उघडला आणि चहाला आत गेलो. येऊन बघतो तर टेबल चार बोटं खाली बसलेलं, जॅकच्या चकचकीत दांड्यावर तेलाचा बारीक ओघळ. सील गेलं होतं. माझा मुलगा नेहमी तिथेच खाली बसून पाने हातात देतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता टेबल. ७ फूट बाय २ फूट, ५० बाय ५० चा ३ मिमी चौकोनी पाइप, वर ३ मिमी चेकर्ड प्लेट. नुसती प्लेटच ३० किलो भरते. मेन स्टँड जिथे टेकतो तिथे खालून आडवा पाइप द्याच, नाहीतर पत्रा दबतो. खालची फ्रेम आणि टेबल जोडणारे, टेबल उचलणारे हात ३० इंची, दोन जोड्या, समांतर. टेबल उठताना सव्वा फूट आडवं सरकतं, तेवढी जागा भिंतीपासून सोडा. हातांच्या सांध्यांतल्या पिना २० मिमीच्या, त्यांचे बुश (पिनेभोवती बसणारी नळी) लेथवर टर्न करून घ्या. सातपूर-अंबडला लेथवाल्यांची कमी नाही. नुसत्या भोकात बोल्ट घातला तर भोक लांबट होतं आणि टेबल डुलतं. पक्कं वेल्डिंग करण्याआधी टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारून फ्रेमचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजा.

सगळ्यात जास्त जोर लागतो तो टेबल खाली असताना. हात जमिनीशी १० अंशांवर असतील आणि गाडी-टेबल मिळून २५० किलो, तर आडवा रेटा जवळजवळ १४०० किलो लागतो. ४५ अंशांवर तोच २५० वर येतो. म्हणून जॅक तिरका बसवा, आणि इंजिन उचलायच्या क्रेनचा लांब दांड्याचा घ्या. साध्या बॉटल जॅकचा दांडा त्या मानाने फारच कमी बाहेर येतो.

वर गेल्यावर हातांच्या मागे, खालच्या फ्रेमच्या भोकांतून आरपार २० मिमीचा भरीव रॉड घाला. मग जॅकचा व्हॉल्व्ह सोडून सगळा भार रॉडवर बसू द्या, तेव्हाच पान्याला हात लावा. पुढचं चाक खाचेत, हँडलपासून दोन्ही बाजूंना रॅचेट पट्टे.

गाडी चढवण्याआधी सिमेंटच्या ५० किलोच्या सहा गोण्या ठेवून टेबल रात्रभर रॉडवर सोडा. सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा आणि प्रत्येक वेल्ड बोटाने चाचपून बघा.