पान चारवरचा अंगठा

नागपूरच्या मानेवाड्याचे एक निवृत्त शिक्षक 2025 च्या दिवाळीच्या तोंडावर लिहितात: मार्च 2022 मध्ये पत्नीसोबत बेसा रोडवरच्या फ्लॅटसाठी बँकेचं गृहकर्ज काढलं. पहिली तीन वर्षं 7.40 टक्के स्थिर दर, पुढे बदलता. आज 19 लाख 40 हजार बाकी आहेत. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे पैसे हातात आलेत. दिवाळीआधी सगळं एकरकमी फेडून लक्ष्मीपूजनाला घराचे कागद पाटावर ठेवायचे आहेत. शाखेत गेलो तर म्हणाले, फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडल्याचे, 2 टक्के आणि वर जीएसटी. शेजारी म्हणतो, जानेवारीपासून हे शुल्कच बंद होतंय, थांबा. काय करू?

असेच प्रश्न या दोन महिन्यांत बरेच आले, म्हणून एकाचं उत्तर सविस्तर देतो. बाकीच्यांनी आपापले आकडे घालून वाचावं. कर्ज लवकर फेडावं की पैसे गुंतवावेत, त्यात मी पडत नाही. निवृत्तीनंतर डोक्यावर हप्ता नको असं ज्याला वाटतं, त्याच्याशी वाद घालणं वकिलाचं काम नाही.

सर, तुम्ही करारपत्राचे सहा फोटो पाठवलेत. पाच स्वच्छ आहेत. सहावा पान चारचा. त्यात स्थिर दराचं कलम आहे आणि ते म्हणतं, स्थिर दर 36 महिने राहील, हे महिने मोजायचे ते अमुक तारखेपासून. त्या 'अमुक'वर नेमका तुमचा अंगठा आलाय. शाखा मागते त्या साधारण 45 हजारांचा निकाल त्या अंगठ्याखाली आहे. आयुष्यभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावलं असेल तुम्ही, आणि साडेतीन वर्षांत हे पान एकदाही वाचलं नाही!

सांगतो का ते. फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतलेला, त्यामुळे बँकेने पैसे स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम चढेल तसे टप्प्याटप्प्याने दिले. असा प्रत्येक टप्पा म्हणजे एक उचल. तुमच्या खातेउताऱ्यावर पहिली उचल 14 मार्च 2022 ची आहे आणि शेवटची 9 डिसेंबर 2022 ची. कलमात 'पहिल्या उचलीपासून' असेल, तर स्थिर दराचा काळ 13 मार्च 2025 लाच संपला आणि आज तुमचं कर्ज बदलत्या दराचं आहे. 'शेवटच्या उचलीपासून' असेल, तर तो 8 डिसेंबर 2025 पर्यंत चालेल. शाखेतला माणूस डिसेंबर म्हणतो. तो कलम वाचून म्हणतो की संगणकाच्या पडद्यावर दिसतं म्हणून, हे तुम्ही विचारलं नाही.

याने फरक काय पडतो? व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने हे 5 जून 2012 ला सांगितलं, मे 2014 मध्ये ते व्यक्तींच्या सगळ्याच बदलत्या दराच्या मुदत कर्जांना लावलं आणि ऑगस्ट 2019 मध्ये सहकर्जदार असला तरी हेच, असं स्पष्ट केलं. तेव्हा पत्नीचं नाव आहे म्हणून कोणी अडवलं तर ऐकू नका. स्थिर दर चालू असताना मात्र बँक करारावर बोट ठेवते, आणि करारावर सही तुमची आहे. (हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तर स्वतःच्या पैशाने फेडताना स्थिर दरावरही शुल्क लागलं नसतं. बँकांमध्येही काही करारांत 'कर्ज दुसरीकडे हलवलं तरच शुल्क' असं लिहिलेलं असतं. तुमच्या पाच स्वच्छ पानांत तसं काही नाही. चौथ्यावर असलं तर प्रश्नच मिटला.)

शेजाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. मुदतपूर्व फेडीच्या शुल्काबद्दल रिझर्व्ह बँकेने 2 जुलै 2025 ला नवे निर्देश काढलेत. पण ते 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना आहेत. तुमचं 2022 चं. आधी स्थिर मग बदलता, अशा कर्जात फेडीच्या दिवशी दर कोणता आहे ते पाहायचं, हे त्यात स्वच्छ लिहिलंय, म्हणून वाद झालाच तर दाखवायला उपयोगी. जानेवारीत गेलात तर तुम्हाला शुल्क पडणार नाही हे खरं, पण ते डिसेंबर उलटल्यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, कलम 'पहिल्या उचली'चं निघालं तर आजच जाऊन भांडतो. जरा थांबा. मार्चपासून कर्ज बदलत्या दराचं होतं असं तुम्ही म्हणायला लागलात, की बँक विचारेल, मग मार्चपासून बदलत्या दराने व्याज का नाही दिलं? तुमच्या पहिल्या पानावर बदलता दर 'रेपो अधिक 2.90' आहे. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर. मार्चमध्ये रेपो 6.25 होता, एप्रिलमध्ये 6.00 झाला, जूनमध्ये 5.50. म्हणजे तुमचा दर 9.15 पासून 8.40 पर्यंत उतरला असता, आणि तुम्ही भरताय 7.40 ने. हा फरक माझ्या हिशेबाने साधारण 14 हजार होतो. बँकेने स्वतःच दर बदलला नाही, तर मागचा फरक तिला वसूल करता येईल का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मी पैज लावणार नाही.

पाटीवर मांडून पाहा. आज फेडलं तर शुल्क 38,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 6,984, एकूण 45,784. कलम दाखवून आज भांडलात आणि जिंकलात, तरी 14 हजारांची टांगती तलवार. डिसेंबरपर्यंत थांबलात तर दोन महिन्यांचं व्याज जवळपास 24 हजार. पण तेवढा काळ हेच पैसे ठेवीत घातले आणि 5 टक्के मिळाले, तरी 16 हजार परत येतात. थांबण्याचा खरा खर्च 8 हजारांच्या आसपास.

मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो. मात्र गप्प बसून नाही. उद्याच शाखेला दोन ओळींचं पत्र द्या: माझ्या कर्जाचा स्थिर दराचा काळ कोणत्या तारखेला संपतो आणि त्यानंतर पूर्ण फेडीवर कोणतं शुल्क लागेल, ते लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. 'साहेब तोंडी बोलले' याला आमच्या धंद्यात किंमत शून्य.

आणि एक सापळा. दर बदलायच्या वेळी बँक तुम्हाला पुन्हा स्थिर दर घ्यायचा पर्याय देऊ शकते. एखादा मेसेज येईल, किंवा शाखेतली गोड बोलणारी मुलगी एक फॉर्म पुढे सरकवेल, 'सर, हप्ता वाढणार नाही'. सही करू नका, मोबाईलवर 'होय' दाबू नका. एका सहीने शुल्काचं घड्याळ पुन्हा सुरू होईल.

डिसेंबर उलटूनही शुल्क मागितलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, त्याला पैसे लागत नाहीत. सिव्हिल लाइन्सला ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण तो मी शेवटी ठेवतो. कायदा म्हणतो, विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. तिथल्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा, त्याचा कितवा महिना आहे. 45 हजारांसाठी तारखांमागे फिरायचं वय तुमचं राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही.

लक्ष्मीपूजनाचं मात्र विसरा. आज पैसे भरले असते, तरी कागद त्या दिवशी मिळाले नसते. मूळ कागद बहुधा शाखेत नसतात, दुसऱ्या गावच्या गोदामात असतात. पूर्ण फेडीपासून 30 दिवसांत ते परत द्यायचे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. तेव्हा फेडीच्या दिवशीच खाते बंद झाल्याचं पत्र घ्या, दिवस तिथून मोजता येतील. 9 डिसेंबरला भरलंत तर 8 जानेवारीपर्यंत कागद घरी यायला हवेत, संक्रांतीच्या आधी.

कागद घेताना यादी लावून एकेक पान मोजा. माझ्याकडे प्रतापनगरचे एक गृहस्थ आले होते. कर्ज फेडून अकरा वर्षं झालेली, कागद 'आणू कधीतरी' म्हणून बँकेतच. घर विकायला काढलं तेव्हा बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आणि मूळ विक्रीपत्राचा पत्ता नाही. गिऱ्हाईक बयाना परत घेऊन गेलं. कागदांसोबत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली गहाणाची सूचना आणि सेरसाईवरची (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद बंद झाली का, तेही विचारा. तुमच्या उताऱ्यावर कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता कापलेला दिसतो. पॉलिसीत उरलेल्या काळाचे पैसे परत देण्याची तरतूद असेल, तर मागा, कोणी आपणहून आणून देणार नाही. करसवलतीचं तुमच्या सीएला विचारा.

आणि सर, पान चारचा फोटो पुन्हा पाठवा. पान टेबलावर ठेवून, खिडकीजवळ, दोन्ही हातांनी मोबाईल धरून.