आकडी, वीज आणि मेंदू

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलाला लहानपणापासून आकडी येते. तीन औषधे बदलली, तरी महिन्यातून चार-पाच वेळा येतेच. मेंदूत यंत्र बसवून विजेने आकडी आवरता येते, असे ऐकले. पण हे शॉक देणेच नव्हे का?
– एक आई, डिचोली

उत्तर : नव्हे. ज्याला लोक शॉक म्हणतात, त्या मानसोपचारात रुग्णाला भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. येथे हेतू नेमका उलटा आहे. मेंदूच्या पेशींचा परस्परांशी संवाद मुळात विजेच्या सूक्ष्म संकेतांनीच चालतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हजार माणसे आपापले बोलत असतात, तसा तो संवाद असतो. साऱ्या बाजाराने एकाच ठेक्यात ओरडायला सुरुवात करावी, तशी आकडी. यंत्रातून काही मिलिअँपिअरचे ठोके देऊन तो ठेका जमू द्यायचा नाही किंवा मोडायचा, अशी ही कल्पना आहे.

यंत्रे तीन प्रकारची आहेत. अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या यंत्रात मेंदूला हातच लावत नाहीत. छातीच्या त्वचेखाली डबी बसवून तिची तार मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या व्हेगस नसेला गुंडाळतात. ते साधारणपणे दर पाच मिनिटांनी ३० सेकंद चालते आणि तेवढा वेळ आवाज घोगरा होऊ शकतो. भजन गाणाऱ्याला हे चांगलेच जाणवते, म्हणून गाण्यापुरते छातीवर लोहचुंबक धरून यंत्र थांबवण्याची सोय आहे. तोच चुंबक डबीवरून एकदा फिरवला, की जादा ठोका मिळतो. त्यामुळे आकडीची चाहूल लागताच घरच्यांनाही काही करता येते. दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमसमध्ये तारा बसवतात. तिसरे यंत्र कवटीत बसते, मेंदूतील लहरींवर सतत पहारा ठेवते आणि आकडीची खूण दिसली तरच ठोका देते. ते मुख्यत्वे अमेरिकेतच वापरले जाते.

अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. थॅलॅमसच्या उपचाराच्या ११० रुग्णांवरील चाचणीत आकड्यांची संख्या पहिल्या वर्षी मध्यकानुसार (म्हणजे निम्म्या रुग्णांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) ४१ टक्क्यांनी, तर पाच वर्षांनी ६९ टक्क्यांनी घटली. गुण हळूहळू वाढतो, पण आकडी कायमची थांबलेले रुग्ण मोजकेच. गोळ्याही चालूच ठेवाव्या लागतात.

म्हणून माझ्या मते यंत्राचा विचार शेवटी करावा. योग्य निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधे निकामी ठरली, की तो औषधांना न जुमानणारा अपस्मार (आकडीचा आजार) मानतात, म्हणजे मुलाची पूर्ण तपासणी आताच व्हायला हवी. बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) मेंदूविकार विभागात दाखवून, गरज पडल्यास तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेसारख्या अपस्मार केंद्रात व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासह मेंदूतील लहरींची नोंद) आणि एमआरआय करून घ्यावा. आकडीचे मूळ एकाच जागी सापडले आणि ती जागा काढण्याजोगी असली, तर शस्त्रक्रियेने आकडी पूर्ण थांबण्याची शक्यता यंत्रापेक्षा पुष्कळ जास्त असते.

प्रश्न : माझ्या छातीत व्हेगस नसेचे यंत्र आहे. विमानतळावरच्या तपासणीचा त्रास होईल का? खांदा दुखतो, शेक घेऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तपासणीच्या दारात रेंगाळू नका आणि यंत्राचे ओळखपत्र जवळ ठेवा, एवढे पुरे. शेकाचे मात्र जपून. गरम पाण्याची पिशवी चालेल. पण फिजिओथेरपीतील डायाथर्मी (विद्युतलहरींनी खोलवर दिला जाणारा शेक) किंवा अल्ट्रासाऊंडचा शेक घेऊ नका, कारण त्याने तार तापून नसेला इजा होऊ शकते.